जुने संगणक-खेळ व नवे पहारे : एक पाठचिकित्सात्मक विचार

१

ग्रंथजतनाचा विचार मराठीत आजवर मुख्यतः कागद, शाई, वाळवी आणि दमट हवा यांच्या संदर्भात झाला आहे. पोथीचे द्रव्य नष्ट झाले म्हणजे पोथी नष्ट होते, अशी समजूत त्यामागे आहे. संगणकावरील कृतींच्या बाबतीत ही समजूत अपुरी पडते. येथे सीडी शाबूत असते, तिच्यावरील एकही खूण पुसली गेलेली नसते, ती वाचणारे यंत्रही समोर असते. आणि तरीही कृती उघडत नाही, कारण यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम तिला प्रवेश नाकारते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत निघालेल्या पुष्कळशा संगणक-खेळांची आज अशी स्थिती आहे.

या स्थितीविषयी दोन मते सामान्यतः ऐकू येतात. खेळणाऱ्यांच्या मते सुरक्षेचे पहारे ही निष्कारण अडवणूक असून ते बंद करून टाकावेत. सुरक्षेचे काम पाहणाऱ्यांच्या मते जुनी आज्ञावली म्हणजे जुना धोका होय, यास्तव ती टाकून द्यावी. ही दोन्ही मते परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. दोघांच्याही दृष्टीने खेळ ही वापरण्याची वस्तू आहे. वाचावयाची, तपासावयाची आणि पुढील पिढीच्या हाती द्यावयाची कृती नव्हे. खेळास कृती मानले, तर प्रश्नाचे स्वरूप पालटते. मग पहारा बंद करावा की कृती टाकावी, हा प्रश्न न राहता, मूळ पाठास धक्का न लावता तो नव्या परिस्थितीत कसा वाचता येईल, हा प्रश्न उरतो. हा प्रश्न पाठचिकित्सेचा आहे, आणि त्याची सवय मराठी संशोधनास पूर्वीपासून आहे.

२

जुन्या खेळांचे आणि नव्या प्रणालीचे बिनसते कोठे, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे. १९८१ मध्ये आलेला आय.बी.एम.चा पर्सनल कॉम्प्युटर आणि त्यावरील एमएस-डॉस ही प्रणाली यांची रचना एका वेळी एक मनुष्य व एक आज्ञावली या कल्पनेवर आधारलेली होती. खेळ सुरू झाला की सारे यंत्र त्याच्या स्वाधीन होई. पडद्याच्या स्मृतीत तो स्वतः लिही, कळफलक स्वतः वाची, घड्याळाची गती स्वतः बदली. कोणाची अनुज्ञा घेण्याचे त्यास कारण नव्हते, कारण अनुज्ञा देणारे कोणी नव्हतेच. भाषाव्यवहाराच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे यंत्राशी केलेले एकेरी संबोधन होते.

नव्या प्रणालीत यंत्राशी असे थेट बोलता येत नाही. प्रत्येक विनंती प्रणालीच्या मध्यस्थीने, ठरलेल्या उपचारांनी करावी लागते. घरात आईला ‘अगं’ म्हणणारा मुलगा उद्धट नसतो. तेच संबोधन दरबारात उच्चारले गेले तर मात्र ते अवमानाचे ठरते. शब्द तोच राहिला, प्रसंग बदलला. जुन्या खेळाचे वर्तन आज संशयास्पद ठरते ते या अर्थाने. त्याचा हेतू बदललेला नाही. तो आपल्या काळची रीत पाळीत आहे, इतकेच.

अर्थात सर्वच नकार सुरक्षेपोटी आलेले नाहीत. विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्यांत १६-बिट आज्ञावली चालत नाहीत, कारण प्रोसेसरच्या ६४-बिट रीतीत त्यांना आवश्यक असणारी जुनी सोय उपलब्ध नाही. २०२१ मधील विंडोज ११ ही सर्वस्वी ६४-बिट आहे. हा पहारा नसून व्याकरणातील बदल होय. मात्र त्याचा एक परिणाम लक्षणीय आहे. १९९० नंतरच्या दशकातील कित्येक खेळ स्वतः ३२-बिट असून त्यांची प्रतिष्ठापना करणारी छोटी आज्ञावली तेवढी १६-बिट आहे. अशा ठिकाणी खेळ चालण्याजोगा असूनही यंत्रात उतरत नाही. वाडा शाबूत, पण दिंडी उघडत नाही, असा प्रकार होतो.

खरे पहारे २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर आले. तोवर खेळाची आज्ञावली आणि त्यातील खेळाडूच्या प्रगतीची नोंद एकाच फोल्डरमध्ये राहत असे. व्हिस्टाने आज्ञावलींचे फोल्डर सामान्य वापरणाऱ्यास लिहिण्यासाठी बंद केले. आणि जुन्या आज्ञावली अडू नयेत म्हणून त्यांचे लेखन गुपचूप दुसऱ्या जागी वळविण्याची योजना केली. खेळास वाटते, आपण आपल्याच वहीत लिहीत आहोत. प्रत्यक्षात लेखन वापरणाऱ्याच्या खासगी फोल्डरमध्ये होते. परिणामी एकाच संगणकावरील दोघा भावंडांना एकाच खेळाच्या दोन निरनिराळ्या वह्या दिसतात. याच व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीत प्रणालीच्या गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरवर प्रमाणित डिजिटल स्वाक्षरी असणे अनिवार्य झाले. २०१२ मध्ये विंडोज ८ मधील स्मार्टस्क्रीन आणि अॅपलचा गेटकीपर हे जालावरून आलेल्या आज्ञावलींची ओळख विचारू लागले. २०१७ मध्ये विंडोज १० ने, अनोळखी आज्ञावलीस ‘डॉक्युमेंट्स’सारख्या फोल्डरमध्ये लिहू न देण्याची सोय ठेवली, ती चालू केली असता जुन्या खेळांच्या नोंदी तेथे उमटेनाशा होतात.

या पहाऱ्यांची मालिका पाहता एक गोष्ट ध्यानात येते. आज्ञावली काय करते, यापेक्षा तिची हमी कोण देतो, यावर त्यांपैकी कित्येकांचा भर आहे. हमी स्वाक्षरीने मिळते किंवा पुष्कळ लोकांच्या वापराने मिळते. ज्या खेळाची निर्माती कंपनी बुडाली, विकली गेली वा विसरली गेली, त्याच्या वतीने स्वाक्षरी करण्यास कोणी उरत नाही. असा खेळ अपराधी नसतो. तो अनाथ असतो.

पहाऱ्याची भाषा येथे तपासण्याजोगी आहे. प्रणाली प्रथम सांगते की या आज्ञावलीचा प्रकाशक अज्ञात आहे. हे विधान ज्ञानाविषयीचे आहे, आणि ते खरेही आहे. परंतु त्यास जोडूनच, ती चालविल्यास संगणक धोक्यात येऊ शकेल, असे सांगितले जाते. आणि अनुज्ञेचे बटण एका साध्या दुव्याआड ठेवले जाते. वाचणाऱ्याच्या मनात ‘माहीत नाही’ याचे रूपांतर ‘वाईट आहे’ यात होते. ‘परका’ आणि ‘वैरी’ हे दोन शब्द मराठीने वेगळे ठेवले आहेत. त्या दोहोंमधील अंतर या सूचनेत नाहीसे होते. प्रणालीच्या नीतीपेक्षा तिच्या वाक्यरचनेवर घ्यावयाचा हा आक्षेप होय.

३

तथापि पहारे निरर्थक आहेत, असा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विध्वंसक आज्ञावलीने जगभर हाहाकार केला, तेव्हा नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले होते. ज्या यंत्रांवर बंदरे, बँका आणि रुग्णालये चालतात, त्यांवर डॉसच्या काळचा मोकळेपणा परवडणारा नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु याच घटनेची दुसरी बाजूही ध्यानात घेण्यासारखी आहे. हा उत्पात आरंभी पसरला तो युक्रेनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या, विश्वासातील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातून. ओळखीच्या दारातूनही चोर येतो. म्हणून ओळख हा सुरक्षेचा एक उपयुक्त संकेत आहे. निर्दोषतेचा पुरावा नव्हे. आणि ज्याअर्थी तो पुरावा नव्हे, त्याअर्थी ओळख नसणे हाही दोषाचा पुरावा होऊ शकत नाही.

४

जुन्या खेळांना नव्या प्रणालीनेच कोंडले, असे म्हणणेही एकांगी होईल. पुष्कळ खेळ स्वतःच कुलूप लावून जन्मास आले होते, आणि कालांतराने त्या कुलपानेच त्यांचा घात केला. येथे दोन प्रकारची कुलपे तुलनेसाठी घेता येतील.

पहिले उदाहरण ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळाचे. जॉर्डन मेकनर यांनी तो १९८९ मध्ये अॅपल-२ या संगणकासाठी रचला आणि १९९० मध्ये तो डॉसवर आला. पुढे भारतातही कचेऱ्यांतील आणि संगणक-वर्गांतील यंत्रांवर तो पुष्कळ ठिकाणी दिसे. त्याच्या डॉस आवृत्तीत, खेळाच्या ओघातच, नायक कुप्या मांडलेल्या एका दालनात येतो. प्रत्येक कुपीवर एक अक्षर असते. छापील पुस्तिकेच्या अमुक पानावरील, अमुक ओळीतील, अमुक शब्दाचे पहिले अक्षर ज्या कुपीवर असेल ती पिण्यास सांगितले जाते. ज्याच्याजवळ पुस्तिका नाही, त्याचा मार्ग येथे खुंटतो. चोरटी प्रत रोखण्याचा हा उपाय होय. परंतु कुपी ही त्या खेळाच्या सृष्टीतलीच वस्तू आहे. इतरत्र ती बळ देते वा हरण करते. कुलूप कथेच्या सामग्रीतून घडविले असल्यामुळे ते संहितेचा भाग बनले आहे. ज्या प्रतींत हे दालन निकामी केले गेले, त्या प्रतींत एक प्रसंगच अर्थहीन झाला. त्यांना मूळ पाठ म्हणता येत नाही. आणि बहुसंख्य खेळाडूंनी वाचला तो हाच पाठ, म्हणून त्यांची उपेक्षाही करता येत नाही.

दुसरे उदाहरण सेफडिस्क या योजनेचे. १९९८ पासून मॅक्रोव्हिजन कंपनीची ही योजना कित्येक विंडोज खेळांच्या सीडीवर घातली जाई. मूळ सीडी यंत्रात आहे की नाही, हे पाहण्यासाठी ती प्रणालीच्या गाभ्यात एक ड्रायव्हर बसवी. विंडोज एक्सपीबरोबर तर तो ड्रायव्हर आयताच येत असे. २००७ मध्ये त्या ड्रायव्हरमध्येच एक भेग आढळली. सामान्य वापरणाऱ्याच्या अधिकारात शिरलेल्या घुसखोरास त्या भेगेतून संपूर्ण यंत्राचा ताबा घेता येई. त्याच वर्षी दुरुस्ती झाली. पण जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्ये त्यास थाराच मिळाला नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा-अद्ययावतीकरणाने पूर्वीच्या विंडोज आवृत्त्यांतही तो बंद करण्यात आला. चोरापासून रक्षणासाठी ठेवलेला रखवालदारच धोक्याचा ठरला, म्हणून त्यास काढून टाकले. आणि त्याच्यावाचून न उघडणारे खेळ बंद राहिले.

या ठिकाणी महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिपींचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. आपले ग्रंथ अनधिकारी हाती पडू नयेत, या बुद्धीने पंथीयांनी ते सकळ, सुंदरी इत्यादी लिपींत बंदिस्त केले. परिणामी मराठीतील आद्य गद्याचा एवढा मोठा ठेवा शतकानुशतके पंथाबाहेरील वाचकांस अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींनी तो उजेडात आणला. आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ या १९२५ मधील ग्रंथात त्याचा विस्तृत परिचय करून दिला. हे शक्य झाले याचे कारण उघड आहे. लिपीची किल्ली पंथाच्या परंपरेत जिवंत होती. गुरूकडून शिष्याकडे ती जात होती, पोथीपासून वेगळी पण पोथीइतकीच जपलेली. कुलूप कित्येक शतकांच्या परंपरेतले असूनही उघडले.

सेफडिस्कची किल्ली अशी कोणाच्या स्मरणात नव्हती. ती एका कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये होती, तो ड्रायव्हर दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीत होता, आणि खेळ तिसऱ्याच कंपनीचा होता. तिघांपैकी एकाने हात काढून घेताच कुलूप कायमचे लागले. उलट, ज्या डॉस खेळांना कुलूप नव्हते, किंवा ज्यांची किल्ली छापील पुस्तिकेत होती, ते आज अधिक सुलभतेने वाचता येतात. संरक्षण कितपत कडक होते, यावर कृतीचे आयुष्य अवलंबून राहिले नाही. किल्ली कोणाच्या हाती होती, यावर राहिले.

५

या व्यवस्थेचा भार कोणावर पडतो, हे पाहिल्यावाचून तिची चिकित्सा पूर्ण होत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. तेथील एखाद्या घरी वीस वर्षांपूर्वी पैसे मोजून घेतलेली खेळाची मूळ सीडी आहे आणि घरात नवा संगणक आला आहे, अशी कल्पना करावी. सीडी घालताच खेळ सुरू होत नाही. का होत नाही, हे सांगणारा संदेश बहुधा येतच नाही. आला तर तो धोक्याची भाषा बोलतो. शहरातील जाणकार मित्र नाही, कंपनीस पत्र लिहावे तर कंपनी नाही. अशा वेळी जालावर सहज मिळते ती त्याच खेळाची कुलूप तोडलेली प्रत. म्हणजे प्रामाणिकपणे विकत घेतलेली प्रत मुकी राहते आणि चोरटी प्रत बोलते. शिवाय त्या चोरट्या प्रतीबरोबर काय आले, हे कळण्याचा मार्ग या घरास नाही. पहारा बंद केल्यावाचून ती चालतही नाही, असे त्यास सांगितले जाते. सुरक्षेच्या उपायाने माणूस असुरक्षिततेकडे ढकलला जावा, हा या व्यवस्थेतील सर्वात गंभीर दोष होय.

कायद्याची भूमिका या बाबतीत समजते तितकी कठोर नाही. १९५७ च्या भारतीय प्रतिमुद्राधिकार कायद्याचे कलम ५२ संगणक-आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास, ज्या उपयोगासाठी ती दिली गेली त्या उपयोगासाठी नक्कल वा रूपांतर करण्याची, तसेच नाशापासून संरक्षण म्हणून नक्कल ठेवण्याची मुभा देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-ए कुलूप तोडणे दंडनीय ठरविते. परंतु त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. संशोधकास व सामान्य वाचकास येथे काही जागा मोकळी ठेवलेली आहे. तिचा जबाबदारीने उपयोग कसा करावा, एवढाच प्रश्न उरतो.

६

त्यासाठी पाठचिकित्सेची रीत मार्गदर्शक ठरावी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. वि. सू. सुकथनकर यांनी घालून दिलेल्या त्या आवृत्तीच्या शिस्तीत हस्तलिखितास कोणी हात लावीत नाही. संपादकाचा निर्णय वेगळा, पाठभेद वेगळे, आणि जेथे निर्णय निश्चित नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेषा. दुरुस्ती करणे हा दोष नव्हे. दुरुस्ती लपविणे हा दोष होय.

जुन्या खेळांच्या बाबतीत या शिस्तीचा पहिला नियम असा, की मूळ सीडीची वा फ्लॉपीची तंतोतंत प्रतिमा करून ती अस्पर्श ठेवावी. दुसरा नियम असा, की खेळासाठी यंत्राचे पहारे न हटविता खेळाभोवती त्याचा जुना परिसर उभा करावा. २००२ पासून उपलब्ध असलेली डॉसबॉक्स ही आज्ञावली नेमके हेच करते. ती खेळासमोर जुन्या संगणकाचे सोंग घेते आणि प्रणालीसमोर मात्र सभ्य आज्ञावलीप्रमाणे वागते; एकेरी बोलणाऱ्याचे म्हणणे दरबारी भाषेत पोहोचविणारा हा दुभाषी होय. खेळाचा हात त्यास नेमून दिलेल्या फोल्डरपलीकडे जात नाही. २०१५ च्या जानेवारीत इंटरनेट आर्काइव्हने सुमारे २४०० डॉस खेळ ब्राउझरमध्येच खेळण्यास खुले केले, ते याच मार्गाने. विंडोजच्या काळातील खेळांसाठी जुन्या विंडोजचा आभासी संच, जालापासून तोडून, चालविता येतो. पहारा आणि पाठनिष्ठा यांत विरोध आहे, हे मत अशा प्रकारे निराधार ठरते.

दुभाष्याच्या मर्यादाही नोंदवाव्या लागतील. डॉस खेळांचे ३२० बाय २०० बिंदूंचे चित्र जुन्या चार-तीन प्रमाणाच्या पडद्यासाठी काढलेले असे. नव्या पडद्यावर ते सुधारणा न करता दाखविले तर माणसे बुटकी व रुंद दिसतात. काही खेळांची गती त्या काळच्या प्रोसेसरच्या वेगावर बेतलेली होती. वेग बदलला की खेळाची लय बिघडते. म्हणून कोणत्या वेगाने व कोणत्या प्रमाणात खेळ पाहिला, याची नोंद हा तिसरा नियम होय. या बाबतीत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या एका मुक्त पुनर्रचनेचा आदर्श घेण्यासारखा आहे. डॉस आवृत्तीचे यंत्रभाषेतील लेखन उलटे वाचून सिद्ध केलेल्या ‘एसडीएलपॉप’ या आवृत्तीत मूळ खेळातील चुका दुरुस्त केल्या आहेत. पण प्रत्येक दुरुस्ती स्वतंत्रपणे चालू वा बंद करता येते. नागमोडी रेषेचे हे संगणकीय रूप म्हटले पाहिजे. मेकनर यांनी स्वतःही, जुन्या खोक्यात सापडलेल्या फ्लॉपींवरील अॅपल-२ आवृत्तीचे मूळ लेखन २०१२ मध्ये जगास खुले केले. स्वहस्ताक्षरातील प्रत मिळण्याचे असे भाग्य थोड्या कृतींना लाभते. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के बाजारात मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीत आढळले.

७

खेळांचा हा प्रश्न भाषाविभागाने आपला का मानावा, अशी शंका घेतली जाईल. तिचे उत्तर विभागांच्या कपाटांतच आहे. १९९० नंतरच्या दोन दशकांत मराठीचे पुष्कळसे अक्षरजुळणीचे काम ज्या आज्ञावलींवर झाले, त्यांपैकी कित्येक संगणकाच्या मागे लावावयाच्या ‘लॉक’वाचून उघडत नसत. त्या लॉकचे ड्रायव्हर नव्या प्रणालीत स्वाक्षरीअभावी अडतात आणि ते लावण्याचे जुने पोर्टही नव्या यंत्रांना नाही. भारतीय लिपींसाठी आय.एस.सी.आय.आय. हे प्रमाण आणि युनिकोड यांची आवृत्ती १९९१ मध्येच निघाली असली, तरी छपाईचा व्यवहार दीर्घकाळ प्रत्येक कंपनीच्या स्वतंत्र फाँटसंकेतावर चालला. तो फाँट नसेल तर मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या निरर्थक रांगांसारखा दिसतो. ही आधुनिक सकळ लिपीच होय; फरक एवढाच, की तिची किल्ली जपणारी परंपरा कोणी निर्माण केलेली नाही. १९५४ च्या ग्रंथ-समर्पण कायद्यान्वये छापील ग्रंथाच्या प्रती सार्वजनिक ग्रंथालयांकडे जातात. ज्या फाइलींतून ते ग्रंथ छापले गेले, त्या फाइली आणि त्या उघडणाऱ्या आज्ञावली यांस असा कोणताही नियम लागू नाही.

खेळ हे या प्रश्नाचे सर्वात पुढचे टोक आहे, कारण त्यांच्यावर प्रेम करणारे लोक आहेत आणि त्यांनी कोणी न सांगता किल्ल्या जपल्या. प्रबंध, शब्दसूची, बोलींच्या नोंदी यांना असे प्रेमिक मिळण्याचा संभव कमी आहे. यास्तव प्रत्येक विभागाने आपल्या संग्रहातील जुन्या फ्लॉपी व सीडी यांची प्रतिमा करून घ्यावी, कोणती फाइल कोणत्या आज्ञावलीत व कोणत्या फाँटात आहे याची सूची करावी, आणि निदान एक जुना संगणक, त्याच्या लॉकसह, जालापासून दूर, चालू स्थितीत ठेवावा. हे काम खर्चाचे नाही. मात्र ज्यांनी त्या फाइली केल्या ती माणसे निवृत्त होण्यापूर्वीच ते केले पाहिजे. कारण कोणता फाँट कोणत्या ग्रंथास वापरला, हे आज तरी बहुधा त्यांच्याच स्मरणात आहे.